डाव्या पंखावरची काळी काडी

मित्रांनो, कधी विमानतळावर गेलात तर विमानाच्या पंखाची मागची कडा नीट बघा. वीतभर लांबीच्या, पेन्सिलीहून बारीक अशा काही काळ्या काड्या तिथे बाहेर आलेल्या दिसतील. मी त्यांतलीच एक. आता माझे टोक झिजले आहे आणि रंग विटला आहे, पण अकरा हिवाळे मी ताठ मानेने काम केले. हँगरमध्ये, म्हणजे विमाने ठेवायच्या आणि दुरुस्त करायच्या शेडमध्ये, आम्हाला ‘स्टॅटिक विक’ म्हणतात. विक म्हणजे वात.

हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर डोक्यातून काढताना तडतड होते ना? विमानाचेही तसेच होते. कोरड्या बर्फाचे कण अंगाला घासत गेले की त्याच्यावर विद्युतभार साठतो. त्याला वाट मिळाली नाही, तर तो अँटेनाच्या टोकावरून सुटू लागतो आणि वैमानिकाच्या कानात शब्दांऐवजी नुसती खरखर येते. तो भार आपल्या टोकातून गुपचूप हवेत सोडून देणे, हे आमचे काम. नीट झाले तर कोणाला पत्ताही लागत नाही.

माझे विमान लहान होते, दोन इंजिनांचे. जर्मनीतल्या आखन शहराबाहेरच्या एका छोट्या विमानतळावरून ते आजारी माणसांना इस्पितळांकडे नेत असे. त्याच्यावर आम्ही आठ जणी होतो. बाळंतपणात अडलेली बाई, भाजलेला कामगार, हृदय थकलेले आजोबा, असे कितीतरी जण आमच्या विमानातून गेले. माझे नाव त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते. तरी उतरलेल्या प्रत्येकाचा मला अभिमान वाटे.

एका उन्हाळ्यात विमानाला नवा रंग द्यायचे ठरले. हँगरचे मुख्य होते हेर लेनार्ट्स; जर्मनमध्ये ‘हेर’ म्हणजे श्रीयुत, तसे बाईंना ‘फ्राऊ’. त्यांनी आम्हाला एकेक करून काढायला घेतले. माझे बूड मात्र काही केल्या निघेना. शेवटी माझ्याभोवती कागदी टेप लावून रंग मारला गेला. बाकीच्या सात जणी रंग वाळल्यावर पुन्हा चिकटवल्या. पांढऱ्याशुभ्र पंखावर मीच एकटी मळकी दिसत होते. “पुढच्या वेळी ही बदलायची,” असे हेर लेनार्ट्स म्हणाले. मला फार लागले ते.

मग हिवाळा आला. जानेवारीतल्या एका दुपारी उत्तरेकडच्या एका बेटावरून एका मच्छीमाराला घेऊन आम्ही परतत होतो. वाटेत बर्फाच्या ढगात शिरलो आणि माझ्या टोकाशी भाराची अशी गर्दी झाली, की मला काही सुचेना. जेवढा सोडावा त्याच्या दुप्पट येत होता. शेजारणी स्वस्थ होत्या. त्यांच्यापर्यंत काही पोचतच नव्हते. आमची वैमानिक आंके हिला खालून येणाऱ्या सूचना ऐकू येईनात. चार मिनिटे ती केवळ उपकरणांकडे बघून, ठरलेल्या मार्गाने विमान चालवत राहिली. ढगातून बाहेर पडल्यावर कानात पुन्हा आवाज आला. मच्छीमार सुखरूप पोचला. 

रेडिओ बदलला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दुसऱ्यांदा बदलला, तरी पुन्हा तेच.

तेव्हा हँगरमध्ये धम्मदीपा मेश्राम नावाची एक अभियंता नवीन आली होती. मूळची भंडाऱ्याची, आखनमध्येच शिकलेली. तिची प्रोबेत्साइट, म्हणजे पारखून घेण्याचे सहा महिने, अजून संपली नव्हती. तिने आंकेला एकच गोष्ट विचारली.

“खरखर नेमकी केव्हा होते?”

“बर्फात. कोरड्या बर्फात,” आंके म्हणाली. “पावसात कधी नाही.”

धम्मदीपा मीटर घेऊन आमच्याकडे आली. एक तार पंखाच्या उघड्या धातूला लावली, दुसरी आमच्या बुडाला. पहिली काडी पाहिली, मग दुसरी. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. माझ्यापाशी आली तेव्हा मीटर बघून ती थांबली. पुन्हा मोजले. मग माझ्यावरची धूळ तिने बोटाने पुसली.

विमान उडायला योग्य आहे, असे लिहिलेला कागद घेऊन हेर लेनार्ट्स आले. “फ्राऊ मेश्राम, तिसरा रेडिओ बसवलाय. सही करा. तीन वाजता पेशंट आणायचाय.”

“मी सही करणार नाही, हेर लेनार्ट्स.”

“कारण?”

“सात विकचा पंखाशी संबंधच नाही. खाली रंगाचा थर आहे. रंगातून भार जात नाही. सगळा भार ही एकटी जुनी विक सोडतेय.”

“त्या मी स्वतः बसवल्यात. तीस वर्षं हेच करतोय मी.”

“ठाऊक आहे मला,” ती हळू आवाजात म्हणाली. “म्हणूनच म्हणते, तुम्हीच मोजा.”

तिने मीटर त्यांच्यापुढे धरला. नवी नोकरी, समोर हँगरचा मुख्य माणूस. तरी तिने हात मागे घेतला नाही.

हेर लेनार्ट्सनी मोजले. आठही मोजल्या.  मग म्हणाले, “गेनाऊ, अगदी बरोबर. चूक माझी आहे.” त्यांनी फोन करून पेशंटसाठी दुसऱ्या शहरातून विमान मागवले. दोषाची नोंद स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि खाली आपले नाव घातले. त्या संध्याकाळी दोघांनी मिळून सात ठिकाणचा रंग खरवडून धातू उघडा केला, भार वाहू देणारा खास गोंद लावला आणि माझ्या शेजारणींना पुन्हा बसवले.

पुढच्या बर्फात आम्ही आठही जणी कामाला लागलो. आंकेला प्रत्येक शब्द ऐकू आला. धम्मदीपाची नोकरी पक्की झाली. नव्या माणसांना शिकवताना हेर लेनार्ट्स आता माझ्यावर बोट ठेवून आपलीच चूक सांगत. मला तर आभाळ ठेंगणे झाले.

आणखी तीन हिवाळ्यांनी मोजणीत मी उणी पडले, तेव्हा धम्मदीपाने मला स्वतः काढले आणि घरी नेले. तिची मुलगी ऊर्जा मला शाळेत घेऊन गेली. तिथे एका मुलाने विचारले, “ही पडणारी वीज अडवते का?”

“नाइन,” ऊर्जा नकारार्थी मान हलवत म्हणाली. पुढचे सगळे तिने जर्मनमध्येच सांगितले. “वीज अडवणं हिचं काम नाही. हिच्यामुळे वैमानिकाला ऐकू येतं.”

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. नवा रंग दिलात की खालचा जोड एकदा तपासा. आमच्यासारख्या बारीक वस्तूंना अधूनमधून मोजत जा, पुसत जा. आणि कोणी नवखा माणूस हातात मीटर देऊन “तुम्हीच मोजा” म्हणाला, तर रागावू नका. मोजा.