शकुनाची कांडी

मी एक जुनी चुंबकाची कांडी आहे. बोटाच्या पेराएवढी, वर पांढरं कवच. नांदेडच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, काचेच्या चंबूत पडून मी गरगर फिरते आणि आतलं द्रावण ढवळते. एवढंच माझं काम, मित्रांनो.

उमेदीची वर्षं मी मन्मथ सरांच्या हाताखाली काढली. ते पॅलेडियम नावाचा महागडा धातू उत्प्रेरक म्हणून वापरत. उत्प्रेरक म्हणजे मध्यस्थ. दोन रेणूंची सोयरीक जुळवायची आणि आपण नामानिराळं राहायचं. त्या कामात माझ्या कवचाला चरे पडले आणि चऱ्यांत तोच धातू काळा होऊन बसला.

मग जळकोटची अक्षरा सरांकडे पीएचडीला आली. सजीवांच्या शरीरातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, पाहून तिनं एक उत्प्रेरक बनवला, अशा महागड्या धातूवाचून चालणारा. तिनं मला चंबूत टाकलं आणि पहिल्याच खेपेला रेणू जुळले! खंडेनवमीला सगळ्या यंत्रांबरोबर तिनं मलाही हळदीकुंकू वाहिलं. मी अगदी हरखून गेले.

एका सुट्टीच्या दुपारी सरांनी एकट्यानं तोच प्रयोग केला, पण नवी कांडी घालून. काहीच झालं नाही. त्यांनी मला उचललं, माझे काळे चरे निरखले आणि द्रावण मुकाट्यानं मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवशी ते अक्षराला म्हणाले, "हीच कांडी वापरत जा. शकुनाची हाय. तेजाबात धुऊ नको, गुण जाईल."

मला वाटलं, किती हे कौतुक! शोधनिबंध छापून आला. सरांचं नाव आधी, गळ्यात हारही त्यांच्याच.

शेवटी अक्षराची परीक्षा घ्यायला बाहेरच्या बाई आल्या. त्यांनी नवी कांडी दिली. ती चंबूत दिवसभर फिरली, पण रेणू जुळले नाहीत. सर म्हणाले, "ही पोरगी कांडीबी धूत नव्हती, मी काय करू?"

"सर, धुऊ नको तुम्हीच म्हणालात की," अक्षरा म्हणाली. सरांनी मान फिरवली. तिनं मला उजेडात धरून माझे काळे चरे पाहिले. "म्हंजे तुम्हाला ठाऊक होतं!"

दुसऱ्या दिवशी तिनं बाईंसमोर मला चंबूत टाकलं, स्वतःचा उत्प्रेरक न घालता. रेणू जुळले. "काम हिच्यावरच्या धातूचं हाय," ती म्हणाली. "माझा उत्प्रेरक काहीच करत नव्हता." आपल्या हातानं तिनं आपल्या पदवीवर पाणी सोडलं. मला रडायला डोळे नव्हते.

सरांनी मला कचऱ्यात फेकलं. अक्षरानं बाहेर काढलं, जळजळीत तेजाबात बुडवलं. काळं सगळं विरघळलं. "आता कोरी झालीस," ती म्हणाली. "चल, पहिल्यापासून करू."

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण आधी आम्हाला घासून पुसून, पारखून घ्या. शकुनाची म्हणणाऱ्यानं मला कधी धुऊ दिलं नाही. धुतलं ते तिनं, जिचं माझ्यापायी सगळं गेलं.