टबाचं बूच

आमची पोरगी ऋतुजा ऑस्ट्रेलियात, पार समुद्राच्या कडंला, नर्स हाय. मार्चात तिकडं वादळ यायचं होतं, म्हणून सरकारनं तिला तयारीची यादी धाडली. ती घाबरून फोनवर वाचाया लागली.

"आंघोळीच्या टबात पाणी भरून ठेवा."

"मग?" माझी बायको ताराबाई म्हणली. आमच्या शिरूरला टँकर आठ दिवसाला येतो. घरात तांब्यासुदा भरलेला असतो.

"बॅटरी चार्ज करा, लाईट जाईल."

"हितं कवा असती?"

"उडणाऱ्या वस्तू बांधा."

"पत्र्यावर दगडं ठेव की! एवढ्याला सरकार कशाला लागतंय? लई कौतुक बाई त्या वादळाचं!"

शेळ्या सोडायच्या ठेवून मी ऐकत बसलो. पोरगी भेदरलेली आन् ही नुसती तापलेली.

दोन दिवसांनी ऋतुजाचा हसत फोन आला. वादळ वाट बदलून समुद्रातच गेलतं.

"आई, सुटले बघ! आता टबाचं बूच काढून पाणी सोडून देते."

ताराबाईचं तोंड पांढरंफटक पडलं.

"हात लावू नको!" ती किंचाळली. "आधी धुणं काढ!"