कादंबरीतली नदी

ग्रंथालयातून डागडुजीला आलेल्या गठ्ठ्यात एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी होती. वाचकांनी वाचून वाचून तिचा पार चोथा केला होता. बाइंडरबाई सुटलेली पानं क्रमाने लावत होत्या. आकडे बघता बघता नजर एका ओळीवर अडली आणि खळीचा ब्रश हातातच राहिला.

‘पाणी छातीला लागलं तशी ती पाठीवरच्या भावाला म्हणाली, वेणी घट्ट धर, मागे बघू नकोस.’

हे तर आईचं वाक्य! युद्धात गाव सोडताना आईने धाकट्या भावाला पाठीवर घेऊन नदी पार केली, ही गोष्ट बाईंनी लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. त्यांनी अधाशासारखी पुढची पानं वाचली. पैलतीरावरची म्हातारी, तिने दिलेला कोट, भावाचा हरवलेला एक बूट... सगळं जसंच्या तसं. हा मामा पुढे तापाने गेला, असं आई सांगायची.

लेखकाने आईकडूनच ऐकलं असणार, अशी मनाची समजूत घालत बाई पुस्तक घेऊन तडक घरी गेल्या. आई खिडकीशी शेंगा सोलत बसली होती.

“आई, ही कादंबरी लिहिणारे तुला कधी भेटले होते का गं?”

आईने पुस्तक पाहताच ओळखलं.

“नाही. अठराव्या वर्षी वाचली मी ही. मग कितीदा वाचली, त्याला गणतीच नाही.”

“म्हणजे तू नदी ओलांडलीच नाहीस?”

“ओलांडली ना. एकटीने.” आईचे हात थांबले. “हाताला धरलं होतं त्याला. मध्यावर सुटला. या पुस्तकातली पोरगी भावाला पार नेते, बघ. दर वेळी नेते. मग मीही तेच सांगायला लागले. सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं.”

परवाच बाईंनी ही गोष्ट स्वतःच्या लेकीला ऊर भरून सांगितली होती. ‘फसवलंस आम्हाला’ हे शब्द अगदी ओठांवर आले. पण बाहेर पडलं ते भलतंच.

“केवढा होता गं तो?”

“पाच वर्षांचा. हट्टी मेला! ‘मी चालतो’ म्हणाला, म्हणून पाठीवर घेतलं नाही.”

आई अडखळत बोलत राहिली. एकही वाक्य धड पुरं होत नव्हतं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि त्या ऐकत राहिल्या.