'उत्तम'वरची खूण

लातूरच्या एका बीएड कॉलेजात बाहेरून आलेल्या राजश्रीबाई संशोधनासाठी विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या गोळा करत होत्या. 'संगणकावर पाठ कितपत घेता येतो?' या प्रश्नापुढं महामायानंही सगळ्यांसारखीच 'उत्तम'वर खूण केली होती.

"महामाया, जरा घेऊन दाखवा."

शिकवणीत ती शंभर पोरांना खडू-फळ्यावर गणित शिकवायची, पण कॉलेजची संगणक खोली वर्षभर कुलपातच होती; आज बाई येणार म्हणून ती उघडून सगळ्यांना तिथं बसवलं होतं. दारात प्राचार्य डोळे वटारून उभे होते, आणि पाठाचे गुण त्यांच्याच हातात होते.

माउसवर हात ठेवून ती थांबली. मग म्हणाली, "बाई, मला येत न्हाई. आम्हाला कुणी शिकवलंच न्हाई."

मागून नरसिंग उठला. "मलाबी न्हाई येत."

राजश्रीबाईंनी कोऱ्या प्रश्नावल्या पुन्हा वाटल्या. "या खेपेला नावं लिहू नका," त्या म्हणाल्या.