सारखे तुकडे

गोपालला पलसाण्याच्या मिलमधून काढलं ते मशीनमुळे. छापून, रंगवून आलेल्या कापडाच्या तो घड्या घालायचा. मिलमध्ये घड्या घालणारं मशीन आलं आणि गोपाल सुरतेच्या डिंडोलीत घरी बसला. दुसरा कुणी असता तर मशीनच्या नावाने बोटं मोडत राहिला असता. गोपालने वेगळाच अर्थ काढला. त्याचं म्हणणं, मशीनची काही चूक नाही, आपण त्याच्या समोरच्या बाजूला उभे राहिलो ही चूक. यापुढे मशीन आपल्या बाजूला पाहिजे.

मशीन लावावं असा घरात एकच धंदा होता, तो त्याच्या वहिनीचा. भागीरथी गोधड्या शिवायची. अमळनेरकडून सुरतेला आल्यावर नवरा, म्हणजे गोपालचा मोठा भाऊ उखा, लूमवर लागला, आणि तिने ओट्यावर गोधडी अंथरली. कपडा बाजारातून चिंध्यांचं पोतं यायचं, नाहीतर लोक स्वतःची जुनी लुगडी, धोतरं आणून द्यायचे. गल्लीतल्या दोन-तीन बायका दुपारी यायच्या आणि चारी बाजूंनी टाके घालत घालत मध्यापर्यंत सरकायच्या.

"वहिनी, गोधडीत सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?" गोपालने एकदा जेवताना विचारलं.

"गप्पासमा," उखा म्हणाला. सुरतेत इतकी वर्षं काढूनही तो घरात अहिराणीच बोलायचा, आणि तीही मोजकीच.

"कापण्यात," गोपाल म्हणाला. "कात्री, कात्री, कात्री. मशीनने एका दणक्यात दहा तुकडे निघतात."

भागीरथीने त्याच्या ताटात अजून भाकरी वाढली. घरी बसलेल्या माणसाला काहीतरी बोलायला हवं असतं, असं तिला वाटलं.

पण त्या आठवड्यात खरोखरच एका हातगाडीवरून मशीन आलं. वर मोठा स्क्रू, त्याला आडवा लोखंडी दांडा, खाली जाड लाकडी ठोकळा. ठोकळ्यावर कापड ठेवायचं, त्यावर लोखंडी पट्टीचा धारदार साचा, ज्याला कारखान्यात डाय म्हणतात, आणि मग दांडा फिरवायचा. हे मशीन मगनभाईंचं होतं. उधन्याला त्यांचा चपलांचा कारखाना होता. सुरतेत प्लेग आला त्या पळापळीत कारागीर गावाला गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हापासून मशीन कोपऱ्यात पडून होतं.

"हाई काय शे?" उखाने विचारलं.

"भाभी, वापरी जुओ," मगनभाई भागीरथीला म्हणाले. "फावे तो राखजो. जमलं तर ठेवा, नाही तर दिवाळीनंतर मी घेऊन जाईन."

गोपालने लगेच चिंध्यांची चळत लावली आणि दांडा फिरवला. घर हादरलं. ठोकळ्यावर चपलेच्या तळव्याच्या आकाराचे दहा तुकडे पडले. मशीनसोबत आलेले सगळेच साचे चपलांचे होते, आणि ते सगळे डाव्या पायाचे.

"कापतं मात्र छान," भागीरथी म्हणाली.

गोपालने लोहाराकडून चौकोनी साचा करून घेतला. आता खरी अडचण समोर आली. पोत्यातल्या चिंध्या लांबट, तिरक्या, बोटभर रुंद. साच्याखाली पुरी बसेल अशी चिंधी पोतंभर उपसल्यावर एखादी निघायची, आणि तिचा चौकोन कापला की चारी बाजूंना तिच्याच चिंध्या उरायच्या. त्यात सगळं कापड पॉलिस्टर. वरचा थर सरळ निघाला तरी खालचे थर घसरून तिरके व्हायचे.

गोपालने दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, "आपलं कापडच चुकतं आहे. चिंध्या नको. ताका आणू."

भागीरथीने सुई थांबवली. "म्हणजे अख्खं कापड आणायचं, त्याचे तुकडे करायचे, आणि ते जोडून परत अख्खं कापड करायचं."

"बरोबर."

"कशासाठी?"

"सारखेपणा, वहिनी. गिऱ्हाईकाला सारखेपणा लागतो."

टाके घालणाऱ्या बायका इतक्या हसल्या की एकीचा दोरा सुईतून निघाला. भागीरथी हसली नाही. तिने मनात निर्णय घेऊन टाकला होता. मशीन दिवाळीनंतर परत जाणार. पण गोपालला तिने सांगितलं नाही, कारण मशीन आल्यापासून तो पहाटे उठून अंघोळ करायचा, मिलमध्ये घालायचा तोच शर्ट घालायचा आणि ड्युटीवर गेल्यासारखा मशीनसमोर जाऊन बसायचा. जेवायलासुद्धा भोंगा झाल्यासारखा ठरल्या वेळी उठायचा.

"ऱ्हाऊ दे त्याले," उखा तिला म्हणाला. दिवाळी काही फार लांब नव्हती.

त्याच सुमारास मागच्या गल्लीतली छाया एक लुगडं घेऊन आली. हिरवं, लाल काठाचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं सुती लुगडं. तिची आई नंदुरबारला वारली होती. चार बहिणी, आणि चौघींनाही हेच लुगडं हवं होतं. छायाने ते आपल्या पेटीत तळाशी घालून कुणाला न सांगता सुरतेला आणलं होतं.

"अक्का, हे गोधडीला वरून लाव," ती म्हणाली. "पण फाडू नको. अख्खं दिसलं पाहिजे. पांघरलं की वाटायला पाहिजे, आईनेच घातलंय."

भागीरथीने लुगडं घडी करून फळीवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ती चलथाणला गेली. तिथे साखर कारखान्याच्या वसाहतीत तिच्या बहिणीकडे हळद होती. संध्याकाळी परतली तेव्हा गोपाल दारातच उभा होता. मिलमधून निघाल्यापासून त्याचा चेहरा इतका उजळलेला तिने पाहिला नव्हता.

"वहिनी, सुती कापड," तो म्हणाला. "मी म्हणतच होतो. सुती कापडाचा खालचा थर अगदी वरच्यासारखा निघतो. हे बघ."

मशीनजवळ हिरव्या चौकोनांच्या चळती रचलेल्या होत्या. लाल काठाचे चौकोन त्याने वेगळे काढून ठेवले होते. त्यांच्या कडा एकाच वहीच्या पानांसारख्या जुळत होत्या.

भागीरथी पायरीवर बसली. हळदीची ओटी अजून तिच्या पदरात होती.

"गोपालभाऊ," ती म्हणाली, "हे छायाच्या आईचं लुगडं होतं. मेलेल्या आईचं."

गोपालने चळतीवरचा हात काढून घेतला. थोड्या वेळाने त्याने अंगातला शर्ट काढला, खुंटीला टांगला आणि तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. जेवायला उठला नाही. उखाने मशीनवर पोतं टाकलं.

सकाळी भागीरथीने ते सगळे तुकडे पाटीत भरले आणि वर स्वच्छ फडकं घातलं. गोपाल म्हणाला, मीही येतो. ती नको म्हणाली, तरी तो मागोमाग आला आणि छायाच्या दाराबाहेर चपला न काढता उभा राहिला.

छायाने फडकं उचललं. आधी तिला कळलंच नाही. मग काठाचा तुकडा दिसला तशी ती रडायला लागली. भागीरथी मान खाली घालून बसून राहिली. आता ही जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं, एवढंच तिने ठरवलेलं होतं.

रडता रडता छायाने एक तुकडा उचलला, दुसऱ्यावर ठेवला. मग तिसरा. तिचं रडणं हळूहळू थांबलं.

"हे सगळे सारखे आहेत?" तिने विचारलं.

"सारखे आहेत," भागीरथी म्हणाली. याचं समाधान मानावं की दुःख, हे तिला ठरवता येईना.

"अक्का, आईचं तेरावंसुद्धा आम्ही धड केलं नाही. फाडून वाटून घेऊ म्हटलं, तर काठ कुणाकडे जाणार, पदर कुणाकडे, यावरून मोठी उठून निघून गेली. दोंडाईचाला दिलेली तर बोलतच नाही. मी हे उचलून आणलं खरं, पण मला झोप कुठे यायची? रोज वाटायचं, कुणीतरी दारात येऊन मागेल."

"काठाचे वेगळे ठेवलेत," गोपाल दाराबाहेरून म्हणाला. "तेही सारखेच."

छायाने त्याच्याकडे पाहिलं. मग जमिनीवर तिने चार जागी एकेक तुकडा टाकायला सुरुवात केली, पत्ते वाटतात तसा.

भागीरथीने चार गोधड्या शिवल्या. दिवाळीआधी बाकीच्या तिघी बहिणी पॅसेंजरने सुरतेला आल्या. आल्या आल्या त्यांनी चारही गोधड्या शेजारी शेजारी अंथरल्या, गुडघ्यांवर बसून काठाचे तुकडे पडताळले, उलटून अस्तरही पाहिलं. बोट ठेवायला कुठेच जागा सापडली नाही, तेव्हा नाइलाजाने त्या एकमेकींशी बोलायला लागल्या. दोंडाईचाची रात्री मुक्कामाला राहिली.

ही गोष्ट डिंडोलीत पसरायला वेळ लागला नाही. आधी दोन भाऊ आले. मधल्या भिंतीवरून त्यांची बोलाचाल बंद होती, पण वडिलांची धोतरं मात्र एकाच पिशवीत घालून, पिशवीचा एकेक बंद धरून त्यांनी आणली. मग एक सासू-सून आल्या. शेताची, घराची वाटणी वर्षानुवर्षं अडलेली असायची, पण धोतराची वाटणी गोपाल दुपारच्या आत करून द्यायचा. वाटेकरी दोन्ही बाजूंना उभे राहून दांड्याकडे डोळे लावून बघायचे. हातात कात्री असलेल्या माणसावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या मते लोखंडाला नातं नसल्यामुळे ते कुणाची बाजू घेत नव्हतं. गल्लीतले लोक त्याला वाटणीचं मशीन म्हणायला लागले. चिंध्यांच्या गोधडीसाठी मात्र भागीरथी अजून कात्रीच वापरायची.

दिवाळी झाल्यावर मगनभाई आले. ओट्यावरची गर्दी पाहून त्यांनी चप्पल काढली. "भाभी, मशीन जुनं आहे, तुम्हाला त्रास देईल. मी घेऊनच जातो," ते म्हणाले.

"नको," भागीरथी म्हणाली. "फावलं आम्हाला."

हे ऐकायला गोपाल घरी नव्हता. त्याच आठवड्यात मिलने त्याला परत बोलावलं होतं. घड्या घालणारं मशीन काही केल्या सरळ घडी घालेना, तेव्हा मशीनने घातलेल्या घड्या उलगडून पुन्हा नीट घालायला एक माणूस हवा होता. गोपाल खुशीत गेला. जाताना त्याने वहिनीला दांडा कसा धरायचा ते दाखवलं आणि म्हणाला, "आता मी मशीनच्या बाजूला उभा राहणार."

तेव्हापासून दांडा भागीरथीच्या हातात आला. एका सकाळी रघुनाथ नावाचे एक म्हातारे एकटेच आले. पिशवीत धोतरं आणि एक फेटा.

"तीन पोरं आहेत," ते म्हणाले. "सारखे तीन भाग कर."

"कुणाचं आहे, बाबा?"

"माझंच."

भागीरथीने त्यांच्याकडे नीट बघितलं. अंगावर सदरा होता, हातात काठी, डोळे साफ. "अहो, तुम्ही तर समोर बसलाय."

"आत्ता बसलोय. मागून भांडतील. त्यांच्या आईच्या वेळेला बघितलंय मी. आत्ताच करून टाक, म्हणजे मला निवांत बसता येईल."

भागीरथीने धोतरं आणि फेटा घड्या करून ठोकळ्यावर लावले, साचा ठेवला, मग थांबली.

"आणि तुम्हाला पांघरायला?"

म्हाताऱ्यांनी याचा विचार केलेला नव्हता. त्यांनी रिकामी पिशवी चाचपून पाहिली.

"चार कर मग," शेवटी ते म्हणाले. "चौथ्यात एखादा तुकडा जास्त गेला तरी चालेल."

"मशीनमध्ये तसं होत नाही, बाबा," भागीरथी गंभीरपणे म्हणाली आणि तिने दांडा फिरवला.

चार चळती झाल्या. फेट्याचा एक तुकडा उरला. तिने बाहेर गल्लीकडे बघितलं, आणि तो चौथ्या चळतीत मधोमध सरकवून दिला.