हनुवटीला हात

विजयमालाला चौपन्नाव्या वर्षी मत्सर वाटत होता, आणि तो कोणाचा, तर आईला सांभाळायला ठेवलेल्या बाईचा. बँकेत तिच्या हाताखालच्या पोरी साहेब होऊन डोक्यावर बसल्या, तेव्हाही तिला एवढं लागलं नव्हतं.

तिच्या आईला, सुशीलाबाईंना, गेली दोन वर्षं माणसं ओळखू येत नव्हती. बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर जुबेदा त्यांच्यापाशी असायची. सकाळी ती खोलीत आली की सुशीलाबाई पलंगावरून हात पुढे करत, तिची हनुवटी धरत, चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवून नीट बघत आणि विचारत, "जेवलीस का गं?" विजयमाला समोर आली की मात्र पदर सारखा करून म्हणत, "आपण कोणाकडे आलात?" जुबेदाला तू, आणि पोटच्या पोरीला आपण. विजयमालाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हनुवटी धरायची ही खोड जुनी. सुशीलाबाई मिशनच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घ्यायच्या. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला, हे वर्गात शिकवून त्या थांबल्या असत्या तर घरच्यांची काही तक्रार नव्हती. पण त्यांनी ते दारात आणलं. भांडी घासणारी, भंगारवाला, वर्गणी मागायला आलेली पोरं, जो येईल त्याची हनुवटी धरून आधी चेहरा बघायचा आणि मग जेवणाचं विचारायचं. "कोणावरून घडवलाय ते बघून तरी घ्यावं," असं त्यांचं म्हणणं. शेजारचा मच्छिंद्र तर दारू पिऊन आला की आपणहून हनुवटी पुढे करून उंबऱ्यात उभा राहायचा, आणि पोटभर जेवून जायचा.

नऊ वर्षांची विजयमाला आईच्या मागे उभी राहून हे सगळं बघायची. शाळेतून आल्यावर तिचीही हनुवटी धरली जायची. तेवढाच वेळ, तोच प्रश्न. एकदा तिने विचारलं होतं, "सगळेच देवासारखे, तर मी तुझी कोण?" आई हसून म्हणाली होती, "त्यातलीच एक." हा राग तिने पंचेचाळीस वर्षं जपला. दुसऱ्या दिवसापासून ती आईचा हात झटकून आत जायला लागली, आणि आईनेही मग तिच्यापुरतं ते सोडून दिलं.

डॉक्टरांनी आता फार दिवस राहिले नाहीत असं सांगितलं होतं. त्याआधी एकदा तो हात आपल्या हनुवटीला लागावा, एवढंच विजयमालाला हवं होतं. मागायचं कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. म्हणून ती जुबेदावर घसरायची. पेज पातळ झाली, चादर चुरगळली, खिडकी उघडी राहिली. एकदा तर तिने सरळच विचारलं, की रोज ते चेहरा बघून घेणं तुला चालतं तरी कसं?

"आमच्यात अल्लाचं रूप वगैरे म्हणत नाहीत, ताई," जुबेदा म्हणाली. "पण आजींनी हात लावला की मी गप उभी राहते. मला घरी कोण विचारतंय, जेवलीस का म्हणून?"

या उत्तरात खोट काढता येईना, त्यामुळे विजयमाला जास्तच चिडली.

गुरुवारी तिने स्वतः रजा टाकली आणि जुबेदाला भाचीच्या साखरपुड्याला धाडून दिलं. जुबेदाची कामाची हिरवी ओढणी स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला होती. विजयमालाने चष्मा काढून ठेवला, ओढणी डोक्यावरून जुबेदासारखीच घेतली आणि नाचणीच्या पेजेची वाटी उचलली. स्वतःच्या आईकडे ती चोरासारखी निघाली होती. तिला लाज वाटली, पण मागे फिरावंसं वाटलं नाही.

"आलीस?" सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला. बोटं कोरडी आणि उबदार होती. त्यांनी तिचा चेहरा खिडकीकडे वळवला आणि पाहिला. विजयमालाने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आवाजाने घात झाला असता.

"जेवलीस का गं?"

तिने मान हलवली. पंचेचाळीस वर्षांनी मिळालं होतं, तेही जुबेदाच्या नावावर.

मग सुशीलाबाई पुढे वाकल्या आणि चहाडी सांगावी तशा हळू आवाजात म्हणाल्या, "ती एक चष्मेवाली बाई येते बघ इथे. सारखी धुसफुसत असते. तिचा चेहरा तेवढा बघायचा राहिलाय माझा. हात लावू देत नाही गं ती. आली तर आत पाठव तिला. उपाशी असेल."

विजयमालाने वाटी स्टुलावर ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन ओढणी पुन्हा खुंटीला लावली, तोंड धुतलं, चष्मा घातला. मग फ्लॅटचं दार उघडून बाहेर गेली, स्वतःच्याच घराची बेल वाजवली आणि आत आली. पलंगाशी येऊन ती मच्छिंद्रासारखी हनुवटी पुढे करून उभी राहिली.

"आपण कोणाकडे आलात?"

"तुमच्याकडे," विजयमाला म्हणाली.

सुशीलाबाईंनी तिच्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग हात पुढे केला, हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. विजयमाला मनातल्या मनात मोजत होती. जुबेदाला मिळायचा तेवढाच वेळ होता, त्याहून क्षणभरही जास्त नाही.

"जेवलात का?"

"नाही," ती म्हणाली. "नाही जेवले."

सुशीलाबाईंनी आपली पेजेची वाटी तिच्यापुढे सरकवली, आणि ती संपवेपर्यंत तिच्याकडे बघत बसल्या.