शिवेपलीकडचा रेडा

शमुवेल मास्तरांनी जन्मात एकच दृष्टांत असा दिला होता, की जो अख्ख्या गावाला पटला. आणि तोच आता त्यांच्या गळ्याशी आला होता.

उमरग्याच्या अलीकडच्या त्या खेड्यात मिशनची शाळा होती. शाळा म्हणजे काय, पत्र्याची एक खोली. तिथले मास्तरही शमुवेल आणि उपदेशकही तेच. त्यांचे वडील मरीआईचे पोतराज. गावात पटकी आली की वडील अंगावर आसूड ओढत पुढं चालायचे आणि मागून गाव हळदीकुंकू लावलेला रेडा शिवेपलीकडं हाकलून द्यायचं. रेडा गेला की रोगराई गेली, अशी समजूत. मुलगा ख्रिस्ती झाला म्हणून लहानपणी पाहिलेलं काय पुसलं जातं? गेल्या वर्षी उत्तम शुक्रवारी, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाच्या दिवशी, लिंबाखाली प्रवचन करता करता ते बोलून गेले, "आपण रेडा हाकलतो न्हवं, तसाच येशू सगळ्यांचं पाप घेऊन वेशीबाहेर गेला. एक मेला, बाकीचे वाचले." ऐकायला बसलेल्या लिंगायत शेतकऱ्यांनीही माना डोलावल्या. मास्तर त्या दिवशी भलतेच खुशीत होते. देवाची गोष्ट फार सोपी करून सांगायची हौस अशी अंगाशी येते.

यंदा अठ्ठेचाळीसचा उन्हाळा होता. निजामाच्या हद्दीत कुणाचा कुणाला पायपोस राहिला नव्हता. निजामाविरुद्ध लढणारी पोरं सरहद्दीपलीकडून येऊन त्याचे जकातीचे नाके जाळत होती आणि त्यांच्या मागावर आलेले निजामाच्या बाजूचे बंदूकवाले गावं जाळत होते. त्यांच्यातल्या एका टोळीनं ओढ्यापलीकडं तळ ठोकला आणि सांगावा धाडला, की नाका जाळणाऱ्यांना या गावात कुणीतरी भाकरी घातली आहे, त्याला दिवस मावळायच्या आत हवाली करा, नाहीतर गाव राहणार नाही. शेजारच्या गावाचा धूर सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळं ही नुसती धमकी आहे असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

भाकरी शरणप्पानं घातली होती. गावात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. पण शरणप्पाची बायको पार्वतम्मा दिवसांतली होती, आज बाळंत होईल की उद्या असं चाललेलं.

दुपारी महांतप्पा पाटील दोघा जाणत्यांना घेऊन शाळेत आले. पाटील कधी शाळेच्या पायरीला पाय लावत नसत, आज थेट आत येऊन खाली बसले.

"मास्तर, शरणप्पा गेला तर त्याचं घर बुडतंय," ते म्हणाले. "तुमाला मागं रडणारं कुणी न्हाय. बायको पटकीत गेली, लेकरू न्हाय."

मास्तरांना आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा ते उठून उभे राहिले.

"पाटील, पर म्या काय केलंय?"

"तुमी काय बी केलं न्हाय. म्हणून तर आलो. ज्यानं काय केलं न्हवतं त्योच गेला, असं तुमीच सांगितलं व्हतं न्हवं?"

महांतप्पा वाईट माणूस नव्हते. बोलताना त्यांची नजर सारखी दाराबाहेरच्या उन्हाकडं जात होती. मास्तरांना त्या नजरेचीच जास्त भीती वाटली, कारण असा घाबरलेला माणूस ऐकून घेत नाही.

"म्या चुकीचं सांगितलं, पाटील. रेड्याला आपण ढकलतो. प्रभूला कुणी ढकललं न्हवतं. त्यो आपल्या मनानं गेला. रेड्याचं अन् त्याचं काय बी एक न्हाय."

"मग तुमी बी मनानं जावा," पाटील म्हणाले. तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच तोड निघाल्यासारखं वाटलं होतं.

ऊन कलल्यावर मास्तर निघाले. निघाले म्हणजे काय, दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती, थांबायला जागाच नव्हती. वेशीत म्हातारी रुद्रम्मा पुढं आली आणि त्यांच्या कपाळाला हळद लावून मागं झाली. आपण काय केलं हे तिला तरी कळलं की नाही, कोण जाणे. शिवेकडं जाणाऱ्याला हळद लावायची तिच्या हाताला सवयच होती. गाव वेशीत थांबलं आणि ते एकटे पुढं झाले.

प्रभूच्या मरणाआधीची रात्र त्यांना आठवली. बागेत प्रभूला रक्तासारखा घाम सुटला, हा प्याला टळू दे म्हणून त्यानं विनवणी केली, हे ते दरवर्षी वाचून दाखवत. घडाघडा वाचत. तो भ्याला होता, हे आज पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं. पळावं म्हटलं तर रानं मोकळी, आडोसा कुठंच नाही. मागं गाव, पुढं बंदुका.

शिवेच्या दगडापाशी मागून धावती पावलं ऐकू आली. शरणप्पा होता. धापा टाकत होता, कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

"मास्तर, मागं फिरा. भाकरी म्या घातली, म्याच जातो."

मास्तरांना असं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. वाचलो, वाचलो! पाय गावाकडं वळलेसुद्धा. मग त्यांनी शरणप्पाच्या तोंडाकडं पाहिलं. ते मातीसारखं झालं होतं. वेशीतली माणसं तर केव्हाच घरात शिरली होती. आतापर्यंत गाव हाकलत होतं, म्हणून ते चालत होते. आता हाकलणारं कुणी नव्हतं. आता पाऊल टाकलं तर ते त्यांचं स्वतःचं असणार होतं, आणि ही भीती मघाच्या भीतीहून कितीतरी मोठी होती, कारण ही टाळता येत होती.

"पार्वतम्माकडं जा," ते म्हणाले.

"न्हाय, मास्तर..."

"जा म्हणतो न्हवं!"

शरणप्पानं त्यांचे पाय धरले, उठला आणि परत फिरला. खरंच फिरला. आधी चालत, मग पळत. तो आणखी एकदा तरी म्हणेल, असं मास्तरांना वाटलं होतं. तो दिसेनासा होईपर्यंत ते तिथंच उभे राहिले, आणि मग ओढ्यात उतरले.

पलीकडच्या काठावर दोन बंदुका त्यांच्यावर रोखल्या गेल्या.

"रोटी किसने दी?" कुणीतरी ओरडलं.

"मैंच," मास्तर म्हणाले. पण आवाज फुटलाच नाही. त्यांना ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.